धान्याच्या खोलीची आतली कडी

धान्याच्या खोलीला कडी बाहेरून असते. आतून कशाला हवी? गहू काही दार लावून बसत नाही. पण रंभाजीच्या घरात त्या खोलीला आतूनही कडी होती, सागवानी पट्टीवर चार स्क्रूंनी घट्ट बसवलेली, आणि ती तिथे आहे हे घरधन्याला कळायला दोन वर्षे लागली. एसटीच्या डेपोत तेहतीस वर्षे मेकॅनिक म्हणून काढलेला हा माणूस. गाडी फाटकातून आत येतानाच तिचे काय दुखते आहे ते आवाजावरून सांगायचा. घरातले मात्र त्याला ऐकू आले नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

शेवगावपासून आठ-दहा किलोमीटरवर, गावाच्या कडेला त्याचे घर. पुढे स्लॅबच्या दोन खोल्या, मग स्वयंपाकघर, आणि मागच्या अंगाला जुनी मातीच्या भिंतींची खोली, वर पत्रा. तिला खिडकी नाही. आत पत्र्याच्या दोन उंच कोठ्या, एक गव्हाची, एक बाजरीची. कोठ्या आणि भिंत यांच्यात माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट, आणि फटीच्या पलीकडे एक रिकामा कोपरा. घरात माणसे दोनच, रंभाजी आणि त्याची बायको भागिरथी. एकुलती लेक सीमा भिंगारला दिलेली.

या घराचा एक नियम होता आणि तो रंभाजीच्या बापाने घातलेला होता. बापाचे नाव गहिनीनाथ. नाव नाथाचे, पण छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर त्याने घरातले टाक, मरीआईचा मुखवटा, सगळे एका धोतरात बांधले आणि ओढ्याच्या डोहात नेऊन सोडले. परत येऊन उंबऱ्यावर उभा राहिला आणि म्हणाला, "या घरात आता देव येनार न्हाई." रंभाजीचा जन्म त्यानंतरचा. पण ही गोष्ट त्याने इतक्यांदा ऐकली होती की डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगायचा. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि खाली हा नियम. तो मोडायचे कोणाच्या मनातही आले नाही.

भागिरथीच्याही आले नव्हते. बाई सरळ. लोकांच्या कांद्यात खुरपून तिने दिवस काढले आणि पुढे नवऱ्याचा पगार आला तरी खुरपे टाकले नाही. तिला झाकून ठेवायची भारी सवय. पाण्याच्या हंड्यावर ताट, ताटावर फडके, भाकरीच्या दुरडीवर दोन फडकी. रंभाजी चेष्टा करायचा, "एक दिस मलाबी झाकून ठिवशील." ती हसायची. एका खोलीत नऊ माणसे अशा घरात ती वाढली, आणि लग्न होऊन आली ती दीर-नणंदांनी भरलेल्या घरात. स्वतःची म्हणावी अशी वीतभर जागा तिला जन्मात मिळाली नव्हती. तिने कधी मागितलीही नाही, म्हणून कोणाला सुचले नाही.

आठ वर्षांपूर्वी तिचे पिशवीचे ऑपरेशन झाले, नगरला. वॉर्डात रोहिणीबाई नावाची आया होती, भिंगारची, ख्रिस्ती. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी भागिरथी इतकी थरथरत होती की खाट वाजत होती. रोहिणीबाईने तिचा हात हातात घेतला, डोळे मिटले आणि हळू आवाजात प्रार्थना केली. भागिरथीचे थरथरणे थांबले. पुढे दहा दिवस दोघींचे गूळपीठ जमले होते. निघताना रोहिणीबाई म्हणाली, "ताई, कुनाला दाखवायची गरज न्हाई. घरात एक जागा ठेव. आत जायचं, दार लावायचं आन् बोलायचं. मूर्त लागत न्हाई, दिवा लागत न्हाई." रंभाजी तिथेच खाली बसून भाकरी खात होता. "आमच्या घरात देवाला बंदी हाय, बाई," तो म्हणाला. तीही हसली, तोही हसला, आणि त्याच्या लेखी तो विषय तिथेच संपला.

यंदा वैशाखात भागिरथी रेशनला गेली असताना रंभाजी उंदराचा पिंजरा ठेवायला मागच्या खोलीत गेला. दार आत लोटले आणि आतली कडी त्याच्या नजरेस पडली. त्याने ती सरकवून पाहिली. तेल घातलेली होती, आवाज न करता बसली.

त्याला आठवले की गेली दोन वर्षे रोज दुपारी जेवण झाले की भागिरथी सूप घेऊन उठते. "गव्हाला किडे झालेत मेले, निवडत बसते," म्हणते आणि मागे जाते. तो तेव्हा कलंडलेला असतो. त्याने कोठीचे झाकण काढले आणि कोपरापर्यंत हात आत घातला. गहू खडखडीत होता. मूठभर काढून दारात उजेडाला धरला. एक किडा नाही, एक पोखरलेला दाणा नाही. मग तो फटीतून आडवा होऊन पलीकडे गेला. कोपऱ्यात गोणपाटाची घडी होती. तिच्यावर दोन खड्डे पडले होते, गुडघ्यांच्या मापाचे. बाकी काहीच नव्हते, फोटो नाही, क्रूस नाही, मेणबत्तीचा थेंब नाही. कोपरा तेवढा झाडून लख्ख केलेला होता.

रोहिणीबाईचे बोलणे त्याला आठ वर्षांनी नीट ऐकू आले.

संध्याकाळी पाराजवळ सुतार सहादेव भेटला. रंभाजीने सहज विचारल्यासारखे विचारले, "आमच्या मागच्या दाराला कडी तू बसीवली का?"

"व्हय की. वैनी म्हनल्या, वाऱ्यानं दार वाजतं."

खिडकी नसलेल्या खोलीत वारा कुठून येणार, हे सहादेवाला सुचले नाही. रंभाजीला सुचले. त्याला राग आला तो देवाचा नव्हता. देव काय, आला तर आला असता, दोन दिवस आदळआपट झाली असती आणि तिसऱ्या दिवशी चहा झाला असता. त्याला झोंबली ती कडी. अडतीस वर्षे संसार केला आणि हिला आपल्यापासून दार लावून घ्यावे लागते? बापाच्या शब्दाचा अपमान वगैरे त्याने मनाला नंतर सांगितले. आधी नुसते दुखले होते.

आता शहाण्या माणसाने काय करावे? बायकोला समोर बसवून विचारावे. चार वाक्यांचे काम. पण पुरुषाची जात, आणि त्यात एसटीची नोकरी. रंभाजीने तोंड उघडले नाही. दुसऱ्या दिवशी शेवगावला गेला आणि धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या घेऊन आला. दुकानदाराने दहा वेळा बजावले होते की राहत्या घरात ठेवू नका, वास घेऊ नका, खोली बंद ठेवा. रंभाजीने नाकाला फडके बांधून पुरचुंड्या दोन्ही कोठ्यांत ठेवल्या. सांगितल्यापेक्षा जास्तच ठेवल्या. वास उंबऱ्यापर्यंत आला पाहिजे म्हणजे ती फिरकणार नाही, हा त्याचा हिशोब. चार दिवस खंड पडला की सवय मोडेल, आणि आपल्याला काही बोलावेही लागणार नाही.

रात्रीच्या जेवणाला त्याने विषय काढला. "तुला किड्यांचा लई तरास. आज गोळ्या ठिवल्या बघ. आता धा दिस तिकडं जायचं न्हाई."

भागिरथीचा हात भाकरीवर थांबला. "किडे कमी झालेत आता," ती म्हणाली.

"कमी कसे? कालच तर म्हनत हुतीस."

"धा दिस?"

"धा दिस. ती गोळी लई वंगाळ असती. मानूस जातंय."

त्याने ताटातच पाहिले, तिच्याकडे पाहिले नाही. लबाडीला लबाडीने उत्तर दिले म्हणून त्याला त्या घटकेला जरा बरेही वाटले होते. पुढे त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली ती या बरे वाटण्याची.

ती तिथे काय मागते हे त्याला माहीत नव्हते. सीमाची ही तिसरी खेप होती. आधीची दोन मुले पोटातच गेली होती. आता नववा लागला होता, आणि भागिरथी रोज दुपारी त्या कोपऱ्यात जे मागत होती ते एकच होते.

पहिले दोन दिवस ती घरात येरझाऱ्या घालत राहिली. दुपारी सूप हातात घ्यायची आणि परत ठेवायची. तिसऱ्या दिवशी एकदम शांत झाली. रंभाजीला वाटले, सुटली सवय. त्या दिवसापासून मागच्या अंगाला उग्र वास यायला लागला. शेजारची झुंबरबाई कुंपणावरून म्हणाली, "भागिरथे, लसून कुटलास का गं एवढा?" उंबऱ्याशी एक पाल मरून पडली होती. मुंग्यांची रांग दारापर्यंत यायची आणि वळून भिंतीने निघून जायची. मागच्या पायरीवर बसणारे मांजर तिथे बसेनासे झाले.

चौथ्या दिवशी सकाळी भागिरथीने डोक्याला फडके बांधले होते. खाल्लेले उलटून पडले. "पित्त झालंय," ती म्हणाली. रंभाजीने तिला लिंबाचे पाणी करून दिले. झुंबरबाई म्हणाली, "तोंड कसं पांढरंफटक पडलंय बाई तुझं." तेव्हा रंभाजीच्या मनात पाल चुकचुकली. तो उठून मागे गेला. बाहेरची कडी लागलेली होती. ती पाहून तो परत आला आणि त्याने निवांत तंबाखू मळली. बाहेरची कडी एवढेच सांगते की आता आत कोणी नाही. काल दुपारी कोण होते ते ती सांगत नाही.

पाचव्या दिवशी सकाळी नऊला जावयाचा, नितीनचा फोन आला. "मामा, सीमाला कळा सुरू झाल्यात. ॲडमिट केलंय. डॉक्टर म्हनत्यात आजच व्हईल, पन ठोके जरा कमी-जास्त हायेत. तुमी निघा."

भागिरथी भिंतीला धरून खाली बसली. रंभाजी म्हणाला, "तू आवर. मी आप्पासाहेबाचा टेम्पो घेऊन येतो."

"किती वेळ लागंल?"

"अर्धा तास."

अर्ध्या तासाचा दीड तास झाला. आप्पासाहेब कांदा भरायला मळ्यात गेला होता, त्याला तिथून उठवून गाडी रिकामी करून घ्यावी लागली. वाटेतच नितीनचा पुन्हा फोन. मुलगी झाली होती. रडली होती. दोघी बऱ्या होत्या. रंभाजीला हसू आणि रडू एकदमच आले. आप्पासाहेबाने गाडी थांबवून वाण्याकडून पेढ्याची पुडी घेतली आणि त्याच्या हातात दिली.

घराच्या उंबऱ्याशी भागिरथीची पिशवी भरून ठेवलेली होती. पिशवीवर मोबाईल होता, त्यावर नितीनचे तीन मिस्ड कॉल. "भागिरथे," त्याने हाक मारली. स्वयंपाकघरात चहाचे भांडे झाकून ठेवले होते, त्यावर फडके. मोरीत कोणी नव्हते. तो मागे आला. बाहेरची कडी काढलेली होती आणि दार बंद होते.

त्याने ढकलले. दार हलले नाही.

"भागिरथे, दार उघड. पोरगी झाली. दोघी बऱ्या हायेत. ऐकतीस का? झालं सगळं. उघड आता."

आतून आवाज आला, अगदी बारीक. बोटे लाकडावरून फिरल्याचा. पण तो दाराच्या खालच्या अंगाला होता आणि कडी वर होती, उभ्या माणसाच्या खांद्याशी.

"वर," रंभाजी म्हणाला. "जरा वर. वर हाय कडी."

बोटे पुन्हा फिरली, तिथेच. मग थांबली.

त्याने पहार आणली. सहादेवाचे काम चोख, कडी काही केल्या तुटेना. शेवटी बिजागऱ्या उखडल्या आणि दार दुसऱ्या अंगाने पडले. आतून वासाचा लोट आला. ती दाराशी कलंडली होती, पदर नाकावर घट्ट बांधलेला, कोपरांना कोपऱ्यापासून दारापर्यंत सरपटल्याची माती. लेकीकडे न्यायला आणलेल्या टेम्पोत त्याने तिला घातले, आणि ते नगरच्या रस्त्याला लागले.

वाऱ्याने ती वाटेत शुद्धीवर आली. श्वास पुरत नव्हता. तरी पहिला प्रश्न तोच. "सीमा?"

"पोरगी झाली. दोघी बऱ्या हायेत."

"मग झालं," ती म्हणाली. बऱ्याच वेळाने पुन्हा बोलली, एकेक शब्द तोडत. "मागच्या खेपेला पारनेरला लग्नाला गेल्तो आपन. तीन दिस खंड पडला. त्याच आठवड्यात सीमाचं गेलं. म्हनून... दोन दिस थांबले. मग न्हाई राहावलं."

रंभाजीने तिचा हात धरून ठेवला होता.

"देव आनला न्हाई मी घरात," ती म्हणाली. "तुमच्या आबांचा शब्द मोडला न्हाई. जागा ठिवली फकस्त."

हॉस्पिटलात विषाची केस म्हणून हवालदार जबाब घ्यायला आला. भला माणूस होता, खाली वाकून विचारत होता. "बाई, गोळ्या कुणी ठेवल्या?" रंभाजीने तोंड उघडले. तो सांगणारच होता की गव्हात किडे नव्हते, मला ठाऊक होते, मी ठेवल्या, तिला अडवायला ठेवल्या. पण भागिरथीने मान वळवून त्याच्याकडे पाहिले. कोठीत कोपरापर्यंत हात कोणी घातला होता, हे त्या नजरेला कळलेले होते. कधी कळले कोण जाणे. बहुतेक त्या जेवणाच्या ताटावरच.

"मीच ठिवल्या," ती म्हणाली. "गव्हाला किडे लई झाले हुते. इसरून आत गेले."

हवालदाराने लिहून घेतले आणि रंभाजीकडे वळला. "खरं का? किडे होते?"

हो म्हणावे तर तो सुटत होता. नाही म्हणावे तर पुढचा प्रश्न आला असता, मग बाई रोज आत काय करत होती? आणि तिने इतके दिवस झाकून ठेवलेले हवालदाराच्या कागदावर, गावाच्या पारावर, उघडे पडले असते. रंभाजीने तिच्याकडे पाहिले.

"व्हय," तो म्हणाला. "लई हुते."

तिने डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आत तिचे हृदय थांबले. त्या मधल्या वेळात रंभाजी मजले चढून-उतरून रोहिणीबाईला शोधत होता. नर्स म्हणाल्या, त्या केव्हाच रिटायर झाल्या, आता कुठे असतात माहीत नाही. भागिरथीसाठी जे म्हणायचे ते म्हणणारे माणूस त्याला सापडले नाही.

रीतीप्रमाणे सगळे झाले. गावात भिक्खू आले, वंदना झाली, सीमा दहा-बारा दिवसांची लेक घेऊन पुण्यानुमोदनाला आली. आल्या-गेल्याला रंभाजी तेच सांगत होता की किडे झाले होते. झुंबरबाई डोळे पुसत म्हणाली, "लई निवडायची बिचारी. रोज निवडायची." रंभाजी म्हणाला, "व्हय." कोठ्यांमधला सगळा गहू, सगळी बाजरी त्याने शेताच्या टोकाला खड्डा करून पुरली. पुरताना दाणा सोन्यासारखा चमकत होता, आणि तो त्याच्याकडे पाहू शकत नव्हता.

पावसाळ्याच्या तोंडावर सहादेव पडलेले दार बसवायला आला. कोठ्या बाहेर काढलेल्या होत्या, भिंत फोडून खिडकी पाडली होती. कोपऱ्यात तेवढी गोणपाटाची घडी होती. सहादेवाने बिजागऱ्या ठोकल्या, दार पुढे-मागे करून पाहिले आणि निघालेली कडी हातात घेतली.

"दादा, ही आता कशाला? खोली तर रिकामीच हाय. बाहेरची लावतो फकस्त."

"आतूनबी लाव," रंभाजी म्हणाला. "जरा खाली लाव. बसून हात पोचंल अशी."

"पन कशाला?"

"वाऱ्यानं दार वाजतं."

सहादेवाने नव्या खिडकीकडे पाहिले, मान हलवली आणि कडी बसवून दिली. तो गेल्यावर रंभाजी आत गेला. दार लावले, कडी सरकवली आणि गोणपाट दाराजवळ ओढून त्यावर बसला. गुडघे टेकायला त्याला जमेना. कोणाला काय म्हणतात तेही त्याला ठाऊक नव्हते, आणि बापाचा शब्द अजून उंबऱ्यावर होताच.

"गव्हात किडे न्हवते," तो शेवटी म्हणाला. मग थोड्या वेळाने, "पोरगी बरी हाय. दूध पिती."

एवढे सांगून त्याने बसल्या जागेवरून हात लांबवला आणि कडी काढली.